कॉर्स सेवेवर उंचीसाठी किती भिस्त ठेवावी? मराठवाड्यातल्या कंट्रोल नेटवर्कच्या नजरेतून परीक्षण

भारतीय सर्वेक्षण विभागाची कॉर्स सेवा, म्हणजे कायम चालू उपग्रह-संदर्भ स्थानकांचे जाळे आणि त्यावरून मिळणाऱ्या दुरुस्त्या, मराठवाड्यात आता रोजच्या मोजणीचा भाग झाली आहे. गटाची हद्द, गावठाण, रस्त्याचे भूसंपादन, प्लॉटिंगचा लेआउट या कामांसाठी ती घ्यावी की नाही हा प्रश्नच उरलेला नाही, घ्यावी. हे परीक्षण फक्त उंचीपुरते आहे. कालवा, पाइपलाइन, नाला खोलीकरण, पाझर तलाव, शहराचा ड्रेनेज, पूररेषा ही कामे ज्या कंट्रोल पॉइंटांवर (पक्क्या ठरवलेल्या खुणांवर) उभी राहतात, त्यांच्या आरएलसाठी (समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसाठी) ही सेवा किती चालते, कुठे दगा देते आणि तिच्याकडून चांगली उंची काढायची तर काय करावे लागते, ते इथे पाहू.

मत आधीच सांगतो. आरएल थेट रोव्हरवरून (काठीवरच्या फिरत्या उपग्रह-रिसीव्हरवरून) उचलून कंट्रोल नेटवर्क बांधू नये. पण सात-आठ खात्रीचे बेंचमार्क (बीएम, उंची माहीत असलेल्या कायम खुणा), त्यांच्यावर स्टॅटिक निरीक्षणे (रिसीव्हर काही तास एकाच जागी ठेवून) आणि मोजक्या ओळींवर नीट केलेले लेव्हलिंग (दुर्बीण आणि मोजपट्टी, म्हणजे स्टाफ, वापरून उंचीतला फरक मोजणे) एवढी जोड दिली, तर हीच सेवा लेव्हलिंगचे बरेच किलोमीटर वाचवते. शिवाय लेव्हलिंगमधली एक चूक अशी आहे, जी लूप बंद करून (मोजत फिरून निघालेल्या बिंदूवर परत येऊन) कधीच दिसत नाही. ती या सेवेने पकडता येते. तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहिले आहे.

सेवेत मिळते काय

महाराष्ट्रात या जाळ्याची ७७ स्थानके आहेत. राज्याचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे सरासरी एका स्थानकाच्या वाट्याला ४,००० चौरस किलोमीटर आणि दोन स्थानकांत साधारण साठ-पासष्ट किलोमीटर अंतर. पोर्टलवर नोंदणी केली की युजरनेम आणि पासवर्ड मिळतो. रोव्हरच्या कंट्रोलरमध्ये एनट्रिपचा (इंटरनेटवरून दुरुस्त्या पाठवण्याच्या पद्धतीचा) पत्ता, पोर्ट आणि माउंटपॉइंट (दुरुस्तीच्या प्रवाहाचे नाव) भरायचा, सिम कार्डवरून इंटरनेट द्यायचे, की दुरुस्त्या येऊ लागतात. नेटवर्क पद्धतीत सर्व्हर आजूबाजूच्या स्थानकांवरून तुमच्या जागेसाठी एक आभासी बेस तयार करतो. त्यामुळे जवळचे स्थानक चाळीस किलोमीटरवर असले तरी फिक्स (सेंटिमीटर पातळीचे पक्के उत्तर) लवकर मिळतो. नंतर ऑफिसात प्रोसेस करायचे असेल तर स्थानकांचा राइनेक्स डेटा (कच्ची उपग्रह निरीक्षणे) घेता येतो. उंचीच्या कामासाठी या सेवेतला सर्वांत मोलाचा भाग हाच डेटा आहे, आणि वापर सर्वांत कमी त्याचाच होतो.

फायदा उघड आहे. स्वतःचा बेस लावायचा नाही, त्याच्या राखणीला माणूस बसवायचा नाही, बेसचे कोऑर्डिनेट चुकल्याने अख्खा दिवस वाया जाण्याची भीती नाही. परभणीचे काम आणि भूमचे काम एकाच संदर्भचौकटीत बसते.

आता उंची. उपग्रह सगळे आभाळात असतात, जमिनीखालून कुठलाच सिग्नल येत नाही. त्यामुळे भूमितीच अशी बनते, की उभ्या दिशेची अचूकता आडव्याच्या मानाने दीडपट ते दुप्पट कमजोर राहते. चांगल्या रिसीव्हरच्या माहितीपत्रकात नेटवर्क आरटीकेसाठी (दुरुस्त्या घेऊन जागेवरच उत्तर देणाऱ्या पद्धतीसाठी) आडवी अचूकता ८ मिलीमीटर अधिक ०.५ पीपीएम (किलोमीटरला अर्धा मिलीमीटर) आणि उभी १५ मिलीमीटर अधिक ०.५ पीपीएम असे आकडे असतात. ते मोकळ्या आभाळाचे, शांत वातावरणाचे आकडे आहेत. शिवारात एका फिक्सची उंची दोन ते चार सेंटिमीटर हलते असे धरूनच काम आखावे. कंट्रोलरचा पडदा मात्र तीच उंची मिलीमीटरपर्यंत दाखवतो, आणि फसगत तिथूनच सुरू होते.

पडद्यावरची उंची आणि आरएल

रोव्हर मोजतो ती डब्ल्यूजीएस-८४ या लंबगोलावरची (पृथ्वीच्या गणिती आकारावरची) उंची. कालव्याच्या नकाशावर असते ती समुद्रसपाटीपासूनची. दोहोंतला फरक म्हणजे जिऑइडची (समुद्रसपाटीच्या कल्पित पृष्ठभागाची) उंची. भारतात ती उणे आहे, आणि मराठवाड्यात उणे साठ-सत्तर मीटरच्या घरात. छत्रपती संभाजीनगर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६८ मीटरवर आहे. तिथे लंबगोलावरची उंची पाचशेच्या आसपास दिसते. साठ मीटरचा फरक कुणाच्याही नजरेतून सुटत नाही, म्हणून त्याची काळजी नाही. काळजी आहे ती उताराची. दख्खनवर जिऑइड दक्षिणेकडे आणि आग्नेयेकडे खाली जातो. मराठवाड्यात तो उतार ढोबळमानाने किलोमीटरला तीन सेंटिमीटरच्या आसपास पडतो, जागेनुसार कमी-जास्त.

आता सगळीकडे होणारी चूक पाहा. साइटवर एक बीएम आहे. रोव्हर त्यावर ठेवला, आरएलशी फरक काढला, तो फरक शिफ्ट म्हणून कंट्रोलरमध्ये टाकला आणि दहा किलोमीटरच्या पट्ट्यात आरएल घेत सुटले. पट्टा उताराच्या दिशेने असेल तर शेवटच्या टोकाला तीस सेंटिमीटरची चूक बसलेली असते. रोव्हर पूर्ण वेळ फिक्समध्ये असतो, प्रत्येक बिंदूचा आरएमएस (वाचनांचा विखुरलेपणा) उत्तम असतो, आणि तरीही आकडा चुकीचा. कालव्याचा तळ-उतार १० हजारात १ धरला तर किलोमीटरला पाणी १० सेंटिमीटरच उतरते. तीस सेंटिमीटर म्हणजे तीन किलोमीटरचा उतार गिळला, किंवा नसलेला दाखवला.

जिऑइड मॉडेल लावले की या चुकीचा मोठा भाग जातो. जुन्या कंट्रोलरमध्ये अजून ईजीएम-९६ असते. त्याचा तपशील ३६० डिग्रीपर्यंतचाच आहे, ते काढून टाकावे. ईजीएम-२००८ हे २१९० डिग्रीपर्यंत जाते, म्हणजे साधारण नऊ किलोमीटरच्या जाळीइतका बारकावा. त्यातही स्थानिक फरक उरतो. पण तो सावकाश बदलणारा असतो, आणि सावकाश बदलणारी चूक थोड्या बेंचमार्कांनी काढता येते.

कोणता बीएम, कोणते डेटम

देशाचे पहिले लेव्हल जाळे १९०९ मध्ये समायोजित झाले. कराचीपासून फॉल्स पॉइंटपर्यंत नऊ भरती-ओहोटी केंद्रांवरची सरासरी समुद्रपातळी त्यात शून्य धरली होती. पुढे प्रत्यक्ष मोजलेले गुरुत्व वापरून जाळे नव्याने बांधले गेले, तेच २००९ चे डेटम (उंचीचा शून्य-संदर्भ). जुन्या सिंचन प्रकल्पांचे, रेल्वेचे, नगरपालिकांचे आरएल जुन्या परंपरेतले आहेत. जायकवाडीची पूर्ण संचय पातळी १५२२ फूट, म्हणजे ४६३.९०६ मीटर, धरण १९७६ मध्ये पुरे झाले, तेव्हा हा आकडा कोणत्या काळातल्या बेंचमार्कांशी बांधलेला आहे हे वेगळे सांगायला नको. पैठणच्या खालच्या अंगाला पूररेषेचे काम करताना तीन बीएम जुन्या डेटमचे आणि दोन नव्याचे घेतले, तर समायोजनात उरणारा फरक तुम्ही रोव्हरच्या माथी माराल आणि खरे कारण शोधत बसाल. एका नेटवर्कला एकच डेटम. दुसऱ्या डेटममधले आकडे हवे असतील तर ते वेगळ्या रकान्यात द्यावेत.

स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर लिहिलेली समुद्रसपाटीपासूनची उंची, पुलाच्या कठड्यावर रंगवलेला आरएल, मैलाचा दगड, विजेचा खांब यांना कंट्रोल म्हणून घेऊ नये. किल्लारी परिसरात ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात जमीन फाटली आणि काही ठिकाणी वर उचलली गेली. तिथला त्याआधीचा कुठलाही बीएम शेजारच्या दोन बीएमशी लेव्हलने ताडून पाहिल्याशिवाय वापरू नये.

काळ्या मातीतला बीएम

इथे जास्त वेळ घालवायला हवा, कारण मराठवाड्यातल्या उंचीच्या तक्रारींचे मूळ पुष्कळदा यंत्रात नसून बीएमच्या पायात असते. गोदावरी, पूर्णा, दुधना, मांजरा या नद्यांच्या काठची रेगूर पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते. त्यात दोन-तीन फूट खोल रोवलेला काँक्रीटचा खांब मातीसोबत वर-खाली होतो, काही सेंटिमीटर सहज. जानेवारीत बांधलेले नेटवर्क सप्टेंबरमध्ये तपासले की फरक येतो, आणि दोष जातो कॉर्सवर.

बालाघाटाच्या अंगाला, अजिंठ्याच्या रांगेत किंवा जिथे बेसाल्ट उघडा आहे तिथे काम सोपे आहे. एकसंध खडक निवडावा. हातोडी मारल्यावर पोकळ आवाज आला तर सोडून द्यावा. १६ मिलीमीटरचे, १०० मिलीमीटर खोल भोक पाडून धूळ फुंकून काढावी आणि गोल माथ्याचा स्टेनलेस बोल्ट इपॉक्सीने बसवावा. मातीतून वर आलेला सुटा गोटा आणि जमिनीशी जोडलेला खडक यांतला फरक ओळखण्यासाठी चारी बाजूंनी फूटभर खणून पाहावे.

खोल काळ्या रानात मात्र दांड्याचा बीएम करावा. ऑगरने १५० मिलीमीटर व्यासाचे भोक घट्ट मुरूम किंवा खडक लागेपर्यंत न्यावे. खाली निदान ३०० मिलीमीटर कठीण थरात शिरावे. २० मिलीमीटरची गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस सळई उभी करून फक्त त्या तळाच्या ३०० मिलीमीटरला काँक्रीट द्यावे. त्याच्या वर सळईभोवती ७५ मिलीमीटरचा पीव्हीसी पाइप सरकवावा, आत ग्रीस भरावे, आणि पाइपाबाहेरची पोकळी वाळूने भरावी. फुगणारी माती पाइपाला पकडते, सळईला नाही. सळईचा माथा गोल घासून जमिनीच्या थोडा खाली ठेवावा, वर झाकणाची छोटी चौकट. चौकट सळईला कुठेही टेकता कामा नये. टेकली तर एवढा खटाटोप फुकट. बांधल्यावर लगेच आरएल देऊ नये. एक पावसाळा जाऊ देता आला तर उत्तम, निदान काही आठवडे तरी थांबावे.

जागा निवडताना दोन गरजा एकमेकींच्या आड येतात. बीएमला पक्का पाया हवा, म्हणजे जुने देऊळ, बारव, पुलाचा अबटमेंट. रोव्हरला मोकळे आभाळ हवे, म्हणजे भिंत, बाभूळ, पत्र्याचे शेड यांपासून दूर. तडजोड करू नये. पक्का बीएम पक्क्या जागी ठेवावा, पन्नास-शंभर मीटरवर मोकळ्यात दुसरी खूण करावी, आणि दोहोंमधला फरक लेव्हलने जाऊन-येऊन घ्यावा. लेव्हलच्या एक-दोन सेटअपचा हा प्रश्न आहे.

नेटवर्क कसे बांधावे

समजा साधारण ३० बाय ३० किलोमीटरचा तालुका आहे. जिऑइड मॉडेल लावल्यावर उरलेला फरक एका कलत्या प्रतलाने धरता येतो. त्याला तीन अज्ञात: एक सरळ शिफ्ट, एक पूर्व-पश्चिम उतार, एक उत्तर-दक्षिण उतार. गणिताला तीन बीएम पुरतात, पण मग चूक दाखवायला काहीच शिल्लक राहत नाही. आठ बीएम प्रतलासाठी घ्यावेत आणि तीन फक्त तपासणीसाठी बाजूला ठेवावेत. हे तीन गणितात कधीही मिसळू नयेत. आठांपैकी निदान पाच क्षेत्राच्या कडेला असावेत. जुने बेंचमार्क रस्त्याच्या कडेने एका ओळीत मिळतात. तेवढेच घेतले तर ओळीच्या आडव्या दिशेचा उतार नीट ठरत नाही आणि रस्त्यापासून दहा किलोमीटर आत आरएल भलतीकडे जातो. ओळीबाहेर दोन बीएम लेव्हलिंगने न्यावेच लागतात. तो खर्च टाळता येत नाही.

या अकराही बिंदूंवर आरटीके नाही, स्टॅटिक. ट्रायपॉडवर, प्रत्येक बिंदूवर दोन सत्रे, प्रत्येकी चार तास. दुसरे सत्र वेगळ्या दिवशी आणि पहिल्याहून तीन-चार तास पुढे-मागे असावे. जीपीएस उपग्रहांची मांडणी दुसऱ्या दिवशी चार मिनिटे आधी जवळजवळ तशीच परत येते. त्यामुळे त्याच वेळेला पुन्हा बसलात तर भिंतीवरून परतलेल्या सिग्नलची तीच चूक दोनदा मोजली जाते आणि दोन्ही उत्तरे जुळल्याचे खोटे समाधान मिळते. दोन सत्रांत उंचीचा फरक दोन सेंटिमीटरच्या वर गेला तर तिसरे सत्र.

प्रोसेसिंगला आजूबाजूची निदान तीन कॉर्स स्थानके घ्यावीत, तुमचे क्षेत्र त्यांच्या त्रिकोणात येईल अशी. स्थानकाच्या कोऑर्डिनेटसोबत कोणता आयटीआरएफ (जागतिक संदर्भचौकट) आणि कोणता इपॉक (कोऑर्डिनेट ज्या तारखेचे आहेत ती) दिला आहे ते कागदावर उतरून घ्यावे. भारतीय भूपट्ट दरवर्षी सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येला सरकतो. त्यामुळे इपॉकची गल्लत आधी आडव्या कोऑर्डिनेटमध्ये दिसते. ती दिसली की सगळीच फाइल पुन्हा तपासावी. कट-ऑफ (क्षितिजापासूनचा कोन, ज्याखालचे उपग्रह सोडायचे) १० ते १५ अंश ठेवावा. काम घाईचे नसेल तर आयजीएसच्या (आंतरराष्ट्रीय जीएनएसएस सेवेच्या) उपग्रहांच्या अंतिम कक्षा येईपर्यंत साधारण दोन आठवडे थांबावे.

वातावरणाचा ओलावा हा उंचीचा मोठा शत्रू आहे. दोन टोकांवर सिग्नलला होणाऱ्या उभ्या विलंबात एक मिलीमीटरची सापेक्ष चूक राहिली तर उंचीत सुमारे तीन मिलीमीटर चूक येते. जुलै-ऑगस्टमध्ये एका स्थानकावर पाऊस आणि दुसऱ्यावर ऊन असते, शिवाय बालाघाटावरची साइट आणि गोदाकाठचे स्थानक यांत उंचीचा मोठा फरक असतो. अशा वेळी मॉडेल अपुरे पडते. चार तासांच्या सत्रात सॉफ्टवेअरला हा विलंब हिशेबात धरून काढता येतो, तीन मिनिटांच्या आरटीकेला ते जमत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत चांगला.

प्रतल बसवल्यावर प्रत्येक बीएमचा उरलेला फरक पाहावा. एखादा बीएम तीन सेंटिमीटरच्या वर गेला तर लगेच खोडून टाकू नये. आधी अँटेनाची उंची पाहावी, मग बीएमचा पाया, मग शेजारच्या खुणेशी लेव्हल. कारण सापडल्याशिवाय बीएम काढला तर उरलेले आकडे सुंदर दिसतात आणि नेटवर्क चुकते. एकेक बीएम बाहेर ठेवून गणित पुन्हा चालवून पाहावे. ज्याला काढल्यावर प्रतलाचा कल लक्षणीय बदलतो, त्याच्यावर तुमचे सगळे काम टांगलेले आहे. त्याच्या शेजारी आणखी एक बीएम हवा.

लेव्हल आणि कॉर्स: कोणाला किती वजन

हिशेब सोपा आहे. चांगल्या स्टॅटिकमध्ये एका बिंदूची उंची १५ मिलीमीटरने धरली, तर दोन बिंदूंमधला फरक सुमारे २० मिलीमीटरने कळतो, मग अंतर दोन किलोमीटर असो की वीस. लेव्हलिंगची चूक अंतराच्या वर्गमूळाने वाढते. साध्या ऑटो लेव्हलने किलोमीटरला ५ मिलीमीटर धरले तर १६ किलोमीटरला ती २० मिलीमीटर होते. डिजिटल लेव्हल आणि इनवार (उष्णतेने फार कमी वाढणाऱ्या मिश्रधातूच्या) स्टाफने किलोमीटरला २ मिलीमीटर धरले तर तिथपर्यंत पोहोचायला १०० किलोमीटर लागतात. म्हणून गावातल्या ड्रेनेजला, चारीला, पाच-सात किलोमीटरच्या पाइपलाइनला लेव्हलला पर्याय नाही. दोन तालुक्यांची नेटवर्क जोडताना मात्र ऑटो लेव्हल घेऊन चाळीस किलोमीटर चालण्यापेक्षा कॉर्सवरचे स्टॅटिक बरे. समायोजनात वजने याच हिशेबाने द्यावीत, सगळ्यांना सारखी नाही.

आता ती लपून राहणारी चूक. ॲल्युमिनियमचा टेलिस्कोपिक स्टाफ एका अंश सेल्सिअसला मीटरमागे ०.०२३ मिलीमीटर वाढतो. २० अंशांना बरोबर असलेला स्टाफ उन्हात ४० अंशांवर गेला की मीटरमागे ०.४६ मिलीमीटर लांब झालेला असतो. सपाट रानात बॅकसाइट आणि फोरसाइट (मागच्या आणि पुढच्या खुणेवरची वाचने) जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे ही वाढ वजाबाकीत निघून जाते. घाट चढताना ती निघून जात नाही. शंभर मीटरच्या चढाला ४६ मिलीमीटरची चूक जमा होते: लांबलेला स्टाफ कमी वाचतो आणि माथ्यावरचा आरएल कमी निघतो. गंमत अशी की उतरताना, तितक्याच उन्हात, तीच चूक उलट दिशेने लागते आणि लूप मिलीमीटरात बंद होते. सोळा किलोमीटरच्या लूपला करारात १२ मिलीमीटर गुणिले अंतराचे वर्गमूळ, म्हणजे ४८ मिलीमीटर चालत असतील, आणि तुमची लूप १० मध्ये बंद झाली असेल, तरी माथ्याचा बीएम साडेचार सेंटिमीटर चुकलेला असू शकतो. मांजरसुंब्यासारख्या घाटांतून गोदावरीच्या बाजूचे आरएल पठारावर नेताना नेमके हेच होते.

पायथ्याला एक आणि माथ्याला एक असे दोन बिंदू कॉर्सवर चार-चार तास बसवले, की ही चूक उघडी पडते. उपाय म्हणजे इनवार स्टाफ, ज्याची वाढ ॲल्युमिनियमच्या सुमारे विसाव्या हिश्शाएवढी असते. तो नसेल तर स्टाफचे तापमान प्रत्येक तासाला लिहून दुरुस्ती लावावी, आणि घाटाचा भाग सकाळी लवकर उरकावा. टेलिस्कोपिक स्टाफचे सांधे झिजलेले असतील तर तेही याच प्रकारे खातात. पोलादी टेपने प्रत्येक सांध्याच्या वर-खाली मोजून पाहावे.

बाकीच्या लेव्हलिंगचे नियम सगळ्यांना ठाऊक आहेत, पाळले जात नाहीत एवढेच. बॅकसाइट आणि फोरसाइटची अंतरे सारखी ठेवावीत: यंत्रात १० सेकंदांची कोलिमेशन चूक (नजररेषा आडवी नसण्याची) असेल आणि प्रत्येक सेटअपला दहा मीटरचा फरक एकाच बाजूला पडत असेल, तर सेटअपमागे अर्धा मिलीमीटर, आणि किलोमीटरला दहा सेटअप धरले तर पाच मिलीमीटर. ही चूक तपासणारी टू-पेग टेस्ट रोज सकाळी करावी. नजर जमिनीपासून अर्धा मीटर वर राहिली पाहिजे, एप्रिल-मेमध्ये तर त्याहून वर. काळ्या रानात फूट प्लेट दबते, तिथे लोखंडी खुंटी ठोकूनच टर्निंग पॉइंट (मधली तात्पुरती खूण) घ्यावा. नांदेड किंवा गंगाखेडजवळ गोदावरी ओलांडताना पुलावर जड वाहने चालू असतील तर लेव्हलचा बबल थांबत नाही. तिथे पहाटेची वेळ धरावी, नाहीतर दोन्ही काठांवरून रेसिप्रोकल वाचने घ्यावीत.

रोजच्या आरटीकेत उंची सांभाळताना

नेटवर्क बांधून झाले, प्रतल कंट्रोलरमध्ये भरले, आता डिटेलचे आरएल आरटीकेने घ्यायला हरकत नाही. काही गोष्टी मात्र सोडू नयेत.

पोलची उंची ही पहिली. कंट्रोलरमध्ये २.००० आणि पोल १.८०० वर लॉक, ही चूक सगळ्यांकडे होते, आणि ती वीस सेंटिमीटरची सरळ चूक आहे. अँटेनाचा मॉडेल बरोबर निवडला आहे का आणि उंची तिरकी मोजली की उभी, हे स्टॅटिकलाही लागू. पोल तिरपा असल्याची भीती मात्र उंचीसाठी फार बाळगू नये: दोन मीटरचा पोल २ अंश कलला तर आडवी चूक सात सेंटिमीटर येते, उंचीत जेमतेम एक मिलीमीटर. नांगरलेल्या रानात पोलचे टोक रुतते, तिथली चूक त्याहून मोठी. टोकाला चपटी थाळी लावावी.

दिवसाची सुरुवात आणि शेवट जवळच्या कंट्रोल पॉइंटवर. फरक तीन सेंटिमीटरच्या आत नसेल तर त्या दिवसाचे काम थांबवावे. कंट्रोलसारख्या महत्त्वाच्या बिंदूवर १८० इपॉक (इथे इपॉक म्हणजे एकेक वाचन) घ्यावेत, रोव्हर बंद करून फिक्स नव्याने लावावा आणि पुन्हा १८०. मग दोन तासांनी तिसऱ्यांदा. एकाच फिक्सवर दहा मिनिटे उभे राहून आरएमएस कमी होतो, उंची बरोबर होत नाही.

मराठवाडा साडेसतरा ते पावणेएकवीस अंश उत्तर अक्षांशात येतो, म्हणजे आयनोस्फिअर जिथे सर्वांत खवळलेले असते त्या पट्ट्याच्या जवळ. दुपारी दोनच्या सुमारास इलेक्ट्रॉनांची घनता शिखरावर असते. सूर्यास्तानंतर मध्यरात्रीपर्यंत, विशेषतः मार्च-एप्रिल आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, सिग्नल लुकलुकतात आणि फिक्स सुटतो. सकाळी सात ते अकरा ही उंचीसाठी भरवशाची वेळ.

दुरुस्तीचे वय पडद्यावर दिसते. ते दोन-तीन सेकंदांच्या आत हवे. ते दहाच्या वर जात असेल तर आरएल घेऊ नये. किनवट-माहूरच्या जंगलपट्ट्यात किंवा पाटोदा-आष्टीच्या दऱ्याखोऱ्यांत मोबाइल नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून दोन कंपन्यांची सिम ठेवावीत. तरीही नाही जमले तर आपल्याच नेटवर्कच्या बिंदूवर स्वतःचा बेस लावून रेडिओने काम करावे. तालुक्याचे नेटवर्क वर सांगितल्याप्रमाणे बांधलेले असेल तर त्यात काहीही कमीपणा नाही. पाच किलोमीटरच्या आतला स्वतःचा बेस उंचीला नेटवर्क आरटीकेपेक्षा सरस ठरू शकतो.

सेवेकडून हवे आहे ते

सर्वांत उपयोगाचे होईल ते असे: मराठवाड्यातल्या प्रत्येक कॉर्स स्थानकापर्यंत इनवारने लेव्हलिंग करून त्याचा २००९ डेटममधला आरएल, आणि त्या जागी जिऑइड मॉडेलशी निघणारा फरक, सगळ्यांना दिसेल असा मांडावा. राष्ट्रीय भू-स्थानिक धोरण २०२२ ने २०३० पर्यंत सपाट प्रदेशासाठी २५ सेंटिमीटर अचूकतेचे उंचीचे मॉडेल हे लक्ष्य ठेवले आहे. पूररेषेला आणि सिंचनाला तेवढ्याने भागत नाही. जिल्ह्याजिल्ह्यात बेंचमार्क शोधून, दुरुस्त करून, त्यांच्यावर स्टॅटिक निरीक्षणे जमवली तरच पुढची पायरी गाठता येईल. सिंचन, रस्ते, नगरपालिका, भूमी अभिलेख अशी वेगवेगळी कार्यालये आपापले बीएम आपापल्या वहीत ठेवतात. ते एका ठिकाणी आले तर प्रत्येक नव्या कामाचा निम्मा भार हलका होईल.

तोवर आपल्या हातात आहे ती नोंद. प्रत्येक बीएमच्या पत्रकावर लंबगोलावरची उंची आणि आरएल दोन्ही द्यावेत. सोबत डेटमचे नाव, जिऑइड मॉडेल, प्रतलाचे तिन्ही आकडे, सत्रांच्या तारखा आणि वेळा, कोणती कॉर्स स्थानके घेतली, अँटेनाचा मॉडेल आणि मोजलेली उंची, लेव्हल कोणत्या बीएमपासून आणली आणि लूप कितीने बंद झाली. बीएमचा पाया कशात आहे, खडक, मुरूम की काळी माती, तेही लिहावे. तीन कायम खुणांपासूनची अंतरे आणि चार दिशांचे फोटो जोडावेत. मूळ राइनेक्स फाइली अहवालासोबतच द्याव्यात, म्हणजे उद्या जिऑइड मॉडेल सुधारले की रानात न जाता सगळे आरएल पुन्हा काढता येतात.